लक्ष्मीपूजनापर्यंत घर तयार, असं सांगणाऱ्याला आज पैसे पाठवू नका

घटस्थापनेला काम सुरू करू आणि लक्ष्मीपूजनाला घर तुमच्या ताब्यात देऊ, असं एखाद्या ठेकेदाराने तुम्हाला सांगितलं असेल आणि त्यासाठी निम्मी रक्कम आगाऊ मागितली असेल, तर कळकळीची विनंती आहे: आज पैसे पाठवू नका. उद्याही पाठवू नका. आधी हे वाचा, घरात सगळ्यांना वाचून दाखवा आणि मगच त्या माणसाला पुन्हा भेटा.

गणपती विसर्जन झालं की शहराशहरांत घर नव्याने करून घेण्याची लगबग सुरू होते. पितृपक्षात बहुतेक घरं नव्या कामाला हात लावत नाहीत. त्यामुळे मोजमापं, कोटेशन, घासाघीस आणि आगाऊ रक्कम हे सगळं त्या पंधरवड्यात उरकतं आणि घटस्थापनेला एकाच वेळी सगळीकडे हातोडा पडतो. घटस्थापना ते लक्ष्मीपूजन म्हणजे अश्विनाची प्रतिपदा ते अमावस्या. एकच चांद्र महिना, 29 किंवा 30 दिवस. त्यातून दसऱ्याची सुट्टी आणि रविवार वजा करा. बहुतेक सोसायट्यांत रविवारी ठोकाठोकीला बंदीच असते.

आता एका न्हाणीघराला काय लागतं ते पाहा. जुनी फरशी आणि खालचा कोबा फोडायचा, राडारोडा खाली न्यायचा, पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप बदलायचे. भिंत बुजवण्याआधी पाइपांत दाबाने पाणी सोडून गळती तपासायची. मग वॉटरप्रूफिंगचे थर, प्रत्येक थराला वाळायला वेळ. मग विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्यावर किमान आठवडाभर पाणी. त्यानंतर तळात पाणी भरून किमान 48 तास तसंच ठेवायचं आणि खालच्या घराच्या छताला ओल धरते का ते बघायचं. एवढं झाल्यावर टाइल. असं एक न्हाणीघर महिन्यात होतं. पण दोन न्हाणीघरं, स्वयंपाकघर, सगळं वायरिंग, फर्निचर आणि रंग एवढं एका महिन्यात व्हायचं तर काहीतरी गाळावंच लागतं, आणि जे गाळलं जातं ते टाइलच्या खाली असतं. पुढच्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावरचा शेजारी दार वाजवतो, तेव्हा ते कळतं.

दिवाळीच्या पलीकडेही नजर टाका. आपल्याकडच्या साइटवर राबणाऱ्या कारागिरांत बिहार आणि उत्तर प्रदेशातले कितीतरी जण असतात. कार्तिक शुद्ध षष्ठीला, म्हणजे दिवाळीनंतर अवघ्या आठवडाभरात, छठपूजा येते. वर्षातून एकदा घरी जाण्याचा त्यांचा तो काळ आहे आणि त्यांनी तो सोडावा असं कुणी म्हणू नये. पण म्हणूनच दिवाळीला अर्धवट राहिलेलं काम पाडव्यानंतर लगेच पुढे सरकत नाही. ठेकेदाराला हे आगाऊ रक्कम घेताना माहीत असतं. तुम्हालाही माहीत असू द्या.

या धंद्यात सगळेच लबाड असतात असं मी म्हणणार नाही. शब्दाला जागणारे, रात्री बारापर्यंत साइटवर उभे राहणारे ठेकेदार मी पाहिले आहेत. पण बुडवणारा ठेकेदार नेमका कसा बुडवतो, हे नीट समजून घ्या. बहुतेकदा तो पहिल्या दिवसापासून पळून जायच्या बेतात नसतो. त्याच्याजवळ स्वतःचं भांडवल नसतं. तुम्ही दिलेल्या आगाऊ रकमेतून तो आधीच्या साइटचं प्लायवूड उचलतो, आधीच्या कारागिरांची थकलेली मजुरी देतो. तुमचं काम पुढे न्यायला त्याला तिसरं गिऱ्हाईक लागतं. हंगामात गिऱ्हाइकं येत राहतात तोवर गाडा चालतो. दिवाळी झाली, नवी कामं थांबली, की गाडा जिथे असेल तिथे बसतो आणि ज्याच्या घरी बसेल त्याचं घर उघडं पडतं. म्हणून सगळ्यात मोठी काळजी एकच घ्यायची: तुमचा पैसा कधीही तुमच्या घरातल्या झालेल्या कामाच्या पुढे जाऊ द्यायचा नाही.

आमच्या सोसायटीत निवृत्त शिक्षक पती-पत्नीवर ही वेळ आली. दोन्ही न्हाणीघरं एकाच दिवशी फोडली, कारण तसं केलं की काम लवकर होईल असं त्यांना सांगण्यात आलं. सत्तर टक्के रक्कम गेली होती. मग आधी एक सुतार यायचा बंद झाला, मग प्लंबर, मग फोन. गुडघ्याचं दुखणं असलेल्या त्या बाई हातात बादली घेऊन आंघोळीला शेजारच्या घरी जात होत्या. पैशापेक्षा त्यांना याचीच लाज वाटत होती आणि म्हणून त्यांनी कितीतरी दिवस कुणाला काही सांगितलंच नाही. हे लिहिण्याचं कारण त्यांचं ते गप्प राहणं आहे.

तेव्हा, ज्यांचं काम अजून सुरू झालेलं नाही, त्यांनी आधी कागद करावा. स्टँप पेपरवर करार उत्तमच. पण निदान कोटेशनच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या आणि तारीख हवी. त्यात ‘चांगल्या प्रतीचं प्लाय’ असं मोघम चालणार नाही. ओट्याखालच्या कपाटांना आयएस 710 चं प्लाय, अमुक कंपनीचं, अमुक जाडीचं, दिव्यांना 1.5, प्लगना 2.5 आणि गिझर-एसीला 4 चौरस मिलिमीटरची तार, असं लिहून घ्या. माल आला की आयएसआय चिन्हाखालचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपवर तपासता येतो, त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत. भिंत बुजवण्याआधी तारा आणि पाइपांचे फोटो काढून ठेवा. वाढीव काम निघालं तर त्याचा दर आधी लिहून, मग काम. ‘शेवटी बघू’ या दोन शब्दांवर जितके तंटे उभे राहिले आहेत तितके दुसऱ्या कशावर नसतील.

सुरुवातीला दहा टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका. माल घ्यायला पैसे नाहीत असं तो म्हणाला, तर त्याच्याबरोबर दुकानात जा आणि बिल तुमच्या नावावर करून दुकानदाराला परस्पर पैसे द्या. पुढचे हप्ते तारखेला नव्हे, टप्प्याला बांधा: पाण्याची चाचणी पास झाली की एक, टाइल बसल्या की एक. पाच ते दहा टक्के रक्कम पुढचा पावसाळा जाईपर्यंत तुमच्याकडे राहील, हे करारातच लिहा. प्रामाणिक ठेकेदार यावर घासाघीस करेल, पण निघून जाणार नाही. आणि जो निघून जाईल त्याला थांबवू नका.

पैसे बँकेतून द्या. ‘बिल नको, 18 टक्के जीएसटी वाचेल’ ही सवलत नाही. पुरावा नाहीसा करण्याची ती किंमत आहे. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारायला आयकर कायद्याने मनाईच आहे. ठेकेदाराचं आधार, पॅन आणि राहत्या घराचा पत्ता घ्या आणि शक्य असेल तर तो पत्ता डोळ्यांनी पाहून या. फसलेल्या बहुतेकांच्या हातात एक मोबाइल नंबर आणि एक व्हिजिटिंग कार्ड एवढंच उरलेलं असतं. नोटीस पाठवायची वेळ आली की पत्ता कुठून आणायचा हा पहिला प्रश्न उभा राहतो.

भिंतींबद्दल मात्र विनंती नाही, बजावून सांगतो. ‘ही भिंत काढली तरी काही होत नाही’ हे ठेकेदाराच्या तोंडून ऐकून भिंत पाडू नका. घाटकोपरची सिद्धी साई इमारत 25 जुलै 2017 रोजी कोसळली आणि 17 जण गेले. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा रहिवाशांचा आरोप होता. मायवान पद्धतीच्या नव्या टॉवरांमध्ये तर बहुतेक भिंती काँक्रीटच्या, भार पेलणाऱ्याच असतात. तिथे पाइपसाठी खोल खाच मारणंही धोक्याचं. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत आणि सोसायटीची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय हातोडा उचलू देऊ नका. नव्या घरात तर आणखी एक नुकसान आहे: ताब्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी रेरा कायद्याने विकासकावर टाकली आहे, आणि तुम्ही तोडफोड केलीत की अंग काढून घ्यायला त्याला कारण मिळतं.

आता ज्यांचं काम आधीच अडकलं आहे, त्यांच्यासाठी. ‘पन्नास हजार टाका, आठ दिवसांत संपवतो’ हा निरोप आला असेल, तर ते पन्नास हजार देऊ नका. तो निरोप दुसऱ्या कुणाची तरी थकबाकी भागवण्यासाठी आलेला असतो. रागाच्या भरात लगेच दुसरा ठेकेदारही लावू नका. त्याने पहिली फरशी उचलली की तुमचा पुरावा राडारोड्यात जातो. आधी प्रत्येक खोलीचे फोटो आणि व्हिडिओ घ्या. सोसायटीचे सचिव आणि दोन शेजारी यांच्यासमोर झालेल्या व राहिलेल्या कामाची नोंद करून सह्या घ्या. एखाद्या स्वतंत्र सिव्हिल इंजिनिअरकडून झालेल्या कामाचं मोल लिहून घ्या. मग स्पीड पोस्टने लेखी नोटीस पाठवा: अमुक तारखेपर्यंत काम पूर्ण करा, नाहीतर जादाची रक्कम परत करा. तीच नोटीस ईमेलवर आणि व्हॉट्सअॅपवरही पाठवा.

अनेक जण यानंतर महारेराकडे धावतात आणि तिथे त्यांचा वेळ जातो. राहत्या घराची दुरुस्ती किंवा नूतनीकरण करून देणारा ठेकेदार रेरा कायद्याच्या कक्षेत येत नाही. तुमचं दार जिल्हा ग्राहक आयोगाचं आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये सेवेच्या व्याख्येत घरबांधणीचा स्पष्ट उल्लेख आहे. दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात करता येते; पाच लाखांपर्यंत काहीही शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रार ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल होते. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, आणि ठेकेदाराच्या ‘पुढच्या महिन्यात नक्की’ मध्ये ती दोन वर्षं बघता बघता सरतात. आयोगाचा आदेश पाळला नाही तर एक महिना ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे, हेही नोटिशीत लिहा.

पोलिसांत गेलात तर ‘हा दिवाणी वाद आहे’ असं ऐकावं लागेल आणि पुष्कळदा ते कायद्याला धरूनच असतं, कारण काम अर्धवट सोडणं म्हणजे आपोआप फसवणूक ठरत नाही. पण खोटी बिलं दिली असतील, मालाचे पैसे घेऊन माल आणलाच नसेल, एकाच माणसाने पाच-सहा घरांतून रकमा उचलल्या असतील, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली तक्रार द्या आणि एकेकटे जाऊ नका. त्याच्या आधीच्या गिऱ्हाइकांना शोधा. सोबत गेलेल्या चार कुटुंबांचं म्हणणं टाळणं अवघड असतं.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. ठेकेदार गायब झाला की राग साइटवरच्या गवंड्यावर किंवा सुतारावर निघतो. त्यांची हत्यारं अडकवून ठेवू नका. बहुतेकदा त्यांचीही मजुरी बुडालेली असते आणि आयोगासमोर त्यांच्याइतका चांगला साक्षीदार तुम्हाला दुसरा मिळणार नाही.

सोसायट्यांच्या समित्यांनाही हात जोडून विनंती आहे. परवानगी देताना अनामत घेऊन थांबू नका. ठेकेदाराचा पत्ता आणि ओळखपत्र दप्तरी ठेवा, कामाचा टप्पावार आराखडा मागा, आणि पाण्याची चाचणी खालच्या घरच्या माणसाच्या सहीशिवाय पूर्ण धरू नका. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांचं काम चालू असेल तर समितीतलं कुणीतरी आठवड्यातून एकदा तिथे डोकावून यावं. आणि ज्यांचे पैसे बुडाले त्यांनी ते सोसायटीच्या सभेत उभं राहून सांगावं. तुमच्या गप्प राहण्यावरच त्या माणसाला पुढचं घर मिळतं.

तुमचं काम अडकलं असेल तर आज संध्याकाळी बँकेचा उतारा काढा, कोणत्या तारखेला किती दिले आणि त्या दिवशी काम कुठपर्यंत आलं होतं हे एका कागदावर समोरासमोर लिहा. तो कागद हातात धरून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर फोन करा. तक्रार मराठीतही सांगता येते. मिळालेला तक्रार क्रमांक त्याच कागदावर वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.