सत्तर तासांचा हिशेब

देश पुढे न्यायचा तर तरुणांनी आठवड्याला ७० तास राबलं पाहिजे, असं उद्योगजगताच्या व्यासपीठांवरून हल्ली ठासून सांगितलं जातं. ठरलेले तास, हक्काची रजा, कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीची काळजी हे म्हणे श्रीमंत देशांचे लाड. टाळ्या पडतात. पुरावा कुणी मागत नाही.

तास वाढले की काम वाढतं, हे या मतात गृहीतच धरलेलं असतं. पण ते शंभर वर्षांपूर्वीच तपासून झालं आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत रविवारीही पाळ्या चालत. आघाडीवर तोफगोळ्यांची निकड होती आणि कामगारांना मजुरी नगावर मिळे, तेव्हा कामचुकारपणाचा आरोप तिथे टिकत नाही. १९१५ साली सरकारने नेमलेल्या समितीने किती तास काम झालं आणि किती माल निघाला, याच्या नोंदी गोळा करवल्या. अर्थशास्त्रज्ञ जॉन पेनकॅव्हल यांनी २०१४ साली त्याच नोंदी नव्याने अभ्यासल्या. सुमारे पन्नास तासांनंतर प्रत्येक जादा तासाला निघणारा माल कमी कमी होत गेला होता, आणि ७० तासांचं उत्पादन ५६ तासांच्या उत्पादनाहून फारसं वेगळं नव्हतं. मधले १४ तास हजेरीत लागले, गोदामात पोचले नाहीत. रविवारची विश्रांती बुडाली की आठवड्याचं उत्पादनही घटत होतं.

हा वाद मुंबईलाही नवा नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या दीर्घ लढ्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. तिच्यामुळे गिरणीधंदा बुडाला नाही. पुढे कित्येक वर्षं वाढलाच.

लाड श्रीमंतांचे म्हणावेत, तर जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ सालीच सुरू झाला होता. आणि प्रकृतीचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षात पक्षाघात आणि हृदयविकाराने सुमारे ७ लाख ४५ हजार माणसं दगावली.

माणसं टिकवणं परवडतं, याचा दाखला फोर्डच्या कारखान्यात आहे. सुमारे १४ हजार कामगारांचा ताफा कायम राखण्यासाठी १९१३ साली तिथे ५० हजारांहून अधिक माणसं भरावी लागली. १९१४ साली दिवसाची मजुरी पाच डॉलरपर्यंत नेली, पाळी नऊ तासांवरून आठ तासांवर आणली आणि ही गळती झपाट्याने आटली. आजच्या मनुष्यबळ विभागांनीही तेच मोजावं: मंजूर झालेली रजा खरोखर घेता येते का, घरी गेल्यावर कामाचे फोन थांबतात का, आणि कोणत्या साहेबाच्या हाताखालून वर्षभरात किती राजीनामे आले. साहेबाची बढती ठरवताना हा शेवटचा आकडा समोर असला पाहिजे.