आकाशातून उडी, पायात काय?

पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून सुमारे १३ हजार फुटांवरून उडी घेतली, तेव्हा चर्चा झाली ती साडीची. पायात बूट होते, याकडे कुणाचे फारसे लक्ष गेले नाही.

जळकोटच्या एखाद्या तरुणाने उद्या स्कायडायव्हिंगचा बेत आखला, तर तो आधी ट्रेकिंगचे महागडे बूट घेईल. तेच नको. त्यांना नाडी अडकवायला धातूचे आकडे असतात आणि पॅराशूटची दोरी त्यात गुंतू शकते. चप्पल तर ताशी २०० किलोमीटरच्या वाऱ्यात पायात राहणारच नाही. ती खाली कुणाच्या डोक्यावर पडेल, हा प्रश्न वेगळाच! पायाला घट्ट बसणारे, नाडीचे साधे धावण्याचे बूट पुरेसे आहेत. नाडीची टोके आत खोचावीत.

मात्र बुटावर सगळी भिस्त ठेवू नये. घोटा वाचतो तो उतरण्याच्या पद्धतीमुळे. एकट्याने उतरताना पाय जुळलेले आणि गुडघे किंचित वाकलेले हवेत. प्रशिक्षकाला बांधून उडी असेल, तर त्याने सांगताच पाय वर उचलावेत.

तरीही पाय मुरगळलाच, तर आपल्याकडे आधी चोळणारा शोधतात. चोळू नये. घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर दुखत असेल किंवा चार पावलेही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून उतरताना पाय वाकडा पडलेल्यानेही हेच करावे.