पाण्यात पाय टाकण्यापूर्वी

कोकणातल्या आपल्या घरांत मासा नेहमीचाच, पण नदीत उतरून मासा धरणारा माणूस आता मोहल्ल्यात एखादाच उरला आहे. मुलांना सुरमई, पापलेट ओळखता येते. शिंगटी किंवा मरळ विचारली की ती एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. वर्गात आम्ही हे दरवर्षी पाहतो.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आमच्या मामूंसोबत खेडच्या वरच्या अंगाला जगबुडीत उतरलो. मामू सत्तरी ओलांडलेले, बरोबर आमची दोन मुले. पाऊस ओसरला होता, पाणी निवळून तळाचे गोटे दिसत होते. मामूंनी मुलांच्या हातात आधी गरी दिलीच नाही, काठी दिली. म्हणाले, "आधी चालायला शिका." काठी पुढे रोवायची, ती घट्ट बसली की मग पाऊल सरकवायचे. हिरव्या गोट्यावर शेवाळ असते, तिथे पाय द्यायचा नाही. पाणी गुडघ्याच्या वर चढले की मुलांनी मागे फिरायचे.

मग मासा कुठे असतो ते दाखवले. मासा धारेशी उगाच झुंजत बसत नाही. मोठ्या धोंड्यामागे पाणी संथ होते, तिथे तो धारेकडे तोंड करून थांबतो आणि वाहत येणारे किडे टिपतो. म्हणून गांडूळ लावलेली गरी धोंड्याच्या वरच्या बाजूला सोडायची, पुढे धारच तिला नेते. धाकट्याच्या गरीला शिंगटी लागली. तो पकडायला धावला, तोच मामूंनी त्याचा हात धरला. शिंगटीला पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा असतो, तो रुतला की हात ठणकतो.

दोन तासांत सहा मासे मिळाले. त्यातले दोन लहान मामूंनी परत सोडले. थोरला हिरमुसला, "नाना, मिळालेले का सोडले?" मामू म्हणाले, "पुढच्या वर्षी तू येणार आहेस ना? मग त्यांनाही येऊ दे."

वाचक भावाबहिणींनो, या उत्तरावर आपण घराघरांत बोलायला हवे. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला ओढ्यांतून, शेतांतून वर चढतात. त्या वलगणीच्या माशांची चव आपण सगळे जाणतो. पण ओढ्याचे तोंडच जाळ्याने अडवले तर गाभोळीने भरलेली एकही मादी वर पोहोचत नाही. मरळ तर आपल्या पिलांची राखण करते. पाण्यावर तांबूस पिलांचा थवा दिसला की खाली आईबाप असतात. त्यांना मारले की ती पिले इतर माशांच्या तोंडी जातात. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारायला तर कायद्यानेच बंदी आहे, तरी हे प्रकार थांबलेले नाहीत. मासा हलाल आहे, म्हणून इसराफ हलाल होत नाही. महाडजवळच्या वाळण कोंडीत आपले हिंदू बांधव श्रद्धेने मासे राखतात, त्यांना खाऊ घालतात. तिथले मोठमोठे मासे पाहिले की राखल्याने काय होते ते कळते.

आणखी एक गोष्ट, जिवाची. पावसाळ्यात मुलांना नदीत पाठवू नका. आपल्या डोक्यावर ऊन असते, पण वर सह्याद्रीत पाऊस कोसळत असतो आणि पाणी बघता बघता चढते. पाणी गढूळ होऊन पालापाचोळा वाहू लागला, की गरी, मासे सारे टाकून काठावर यायचे.

हे पुस्तकात शिकवून येत नाही. घरात नदी जाणणारे मामू, चाचा, नाना असतील तर थंडीतली एक सकाळ त्यांच्याकडे मागून घ्या. मुलांना सोबत न्या. माणशी एक मासा मिळाला तरी त्या दिवशीच्या कालवणाला तो पुरे.