माडीवरचं ऑफिस

गेल्या महिन्यात आमच्या भिशीत पेढे वाटले गेले. कुणाचं लग्न ठरलं नव्हतं, कुणाला नातूही झाला नव्हता. पेपरात बातमी आली होती, आपल्या तालुक्यात आयटी पार्क आणि डेटा सेंटर आणायचं चाललंय म्हणून! पेढे आणणाऱ्या वहिनींचा मुलगा आणि सून दोघंही हिंजवडीला नोकरीत. "आता येतील बघा घरी," त्या म्हणाल्या आणि त्यांचा आवाज असा काही भरून आला की आम्ही सगळ्याच गप्प झालो. कारण तिथे बसलेल्या बहुतेक जणींच्या घरात एक तरी खोली रिकामी आहे. दिवाळीला उघडायची, एरवी नुसती झाडून ठेवायची.

घरी येऊन सासूबाईंच्या हातावर पेढा ठेवला, बातमी सांगितली. त्यांनी एकच विचारलं, "त्यात माणसं किती लागतात गं?"

खरं सांगते मैत्रिणींनो, मला उत्तर देता येईना. मग लेकीला फोन लावला, इकडचं तिकडचं वाचलं, आणि लक्षात आलं की आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच पेढ्यात गुंडाळतोय.

डेटा सेंटर म्हणजे काय? आपण फोनवर फोटो पाठवतो, बँकेचे पैसे भरतो, मुलं सिनेमे बघतात, ते सगळं कुठेतरी साठवलेलं असतं. फ्रिजएवढ्या उंच कपाटांत ठेवलेले हजारो कॉम्प्युटर दिवसरात्र चालू असतात. ते तापतात, म्हणून त्यांना सतत गार ठेवावं लागतं. त्यासाठी वीज लागते आणि पुष्कळ ठिकाणी पाणीही लागतं. माणसं मात्र मोजकीच. इमारत बांधताना शेकडो हात लागतील, पण ती उभी राहिल्यावर आत काही तंत्रज्ञ, बाहेर पहारेकरी आणि साफसफाईवाले. एवढ्या मोठ्या जागेत एखाद्या सूतगिरणीत जितक्या बायका काम करतील, तितक्याही तिथे दिसणार नाहीत.

ही केंद्रं कुठेही येत नाहीत. परदेशातून समुद्राच्या तळाने आलेल्या इंटरनेटच्या केबल आपल्याकडे मुख्यतः मुंबई आणि चेन्नईला किनाऱ्यावर येतात. म्हणून नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात, जिथे पूर्वी कारखान्यांची धुराडी होती, तिथे आज डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये गुगलने विशाखापट्टणमला असं मोठं केंद्र उभारायचं जाहीर केलं. पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर गुंतवायचे, आणि वीज एक गिगावॅटच्या घरात, म्हणजे १००० मेगावॅट. आपल्या कोयनेचे सगळे टप्पे मिळून क्षमता १९६० मेगावॅट आहे. म्हणजे निम्म्याहून जास्त कोयना एका प्रकल्पाला! तेव्हा उद्या कुणी 'डेटा सेंटर आणतो' म्हणालं, तर हरखून जाण्याआधी विचारायला हवं: वीज कुठून येणार? पाणी कुणाच्या वाट्याचं? उन्हाळ्यात आमच्या नळाला दिवसाआड पाणी येतं, त्याचं काय? आणि बदल्यात कायमच्या नोकऱ्या किती? असं विचारलं म्हणजे आपण विरोधात गेलो, असं कुठेय? मुलगी द्यायची तर आपण घर बघतोच ना?

आयटी कंपनीचं तसं नाही. तिचं भांडवल म्हणजेच माणसं. पण माणसं तिथे नुसत्या इमारतीसाठी जात नाहीत. आमच्या गावाबाहेर औद्योगिक वसाहतीत कित्येक वर्षांपूर्वी अशीच एक काचेची इमारत बांधली. फीत कापली, भाषणं झाली. आज तिथे एका मजल्यावर गोदाम आहे, बाकी कुलूप.

मग पुण्याला कंपन्या का गेल्या? सॉफ्टवेअर निर्यातीसाठी सरकारने १९९० च्या सुमाराला जी पहिली केंद्रं काढली, त्यांत बंगळूर आणि भुवनेश्वरबरोबर पुणं होतं. त्याआधी १९८८ मध्ये तिथे सी-डॅक सुरू झालं होतं, जिथे पुढे 'परम' महासंगणक तयार झाला. पण त्याच्याही कितीतरी आधीपासून तिथे कॉलेजं होती. आणि एक गोष्ट बायकांनी तरी विसरू नये. महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये ज्या कामाला सुरुवात केली, त्याच संस्थेने १९९१ मध्ये कर्वेनगरला मुलींसाठी इंजिनिअरिंग कॉलेज काढलं. आवारात मुलींची वसतिगृहं होतीच. गावाकडच्या बापाने पोरीला पुण्याला धाडलं, ते कॉलेजचं नाव बघून आणि वसतिगृहाचं फाटक बघूनसुद्धा. अशा मुली शिकून तयार झाल्या, तेव्हा शहरात त्यांच्यासाठी नोकऱ्या उभ्या राहत होत्या. सगळं श्रेय वसतिगृहांचं नाही. पण मुलगी जिथे निर्धास्त राहू शकते, तिथेच ती टिकते, आणि ती टिकली तर कंपनी टिकते, एवढं मात्र नक्की.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला तेव्हा माझी लेक, जावई आणि आठ महिन्यांची नात आमच्याकडे आली. माडीवरच्या खोलीत तिने ऑफिस थाटलं. जुन्या शिवणयंत्राच्या टेबलावर लॅपटॉप. लाइट दिवसातून दोनदा जायची, म्हणून इन्व्हर्टर घेतला. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली की जावई मोबाइल घेऊन गच्चीवर रेंज शोधत फिरायचे. रात्री अकरा-साडेअकरापर्यंत तिचं परदेशी लोकांशी बोलणं चाले. समोरच्या काकूंनी मला एकदा हळूच विचारलं, "पोरगी एवढ्या रात्री कुणाशी बोलते हो?" मी म्हटलं, "तिच्या पगाराशी बोलते!"

पण कामं होत होती. नात आजीच्या आणि पणजीच्या अंगाखांद्यावर वाढत होती. दोन वर्षांनी ऑफिसने परत बोलावलं. जाताना लेक म्हणाली, "आई, इथून काम जमतं गं. फक्त लाइट नि नेट पक्कं हवं, बाळाला ठेवायला चांगली जागा हवी, आणि रात्री ऑफिसातून घरी यायला गाडी हवी. याहून जास्त काय लागतं?"

याहून जास्त खरंच लागत नाही, याचा एक दाखला तामिळनाडूत आहे. तेनकाशीजवळच्या एका खेड्यात झोहो या सॉफ्टवेअर कंपनीने २०११ मध्ये ऑफिस सुरू केलं. बारावी किंवा डिप्लोमा झालेल्या मुलामुलींना ही कंपनी स्वतःच्या शाळेत शिकवते, शिकताना विद्यावेतन देते. महानगरात न जाता खेड्यात बसून जगभरच्या लोकांसाठी सॉफ्टवेअर तयार होतं. सगळ्याच कंपन्या असं करतील असं नाही, पण हे अशक्य नाही एवढं तरी कळलं.

मग आपण काय मागायचं? कायदा आपल्या बाजूने बराच आहे. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, सुरक्षिततेची व्यवस्था लागते आणि तिला घराच्या दारापर्यंत सोडावं लागतं. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, हेही त्याच वर्षी मातृत्व लाभाच्या कायद्यात आलं. २००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका बीपीओतल्या मुलीचा, कंपनीने ठरवलेल्या गाडीच्या चालकानेच जीव घेतला होता, हे आपण विसरलेलो नाही. 'दारापर्यंत' या एका शब्दाची किंमत त्यामुळे आपल्याला ठाऊक आहे.

काही गोष्टी मात्र सरकारने नाही, आपणच करायच्या. रात्री दिवा चालू दिसला की कुजबुजायचं बंद करायचं. घरून काम करणारी सून 'घरीच तर असते' म्हणून तिच्यावर चार पाहुण्यांचा स्वयंपाक टाकायचा नाही. नाहीतर पार्क येईल, पण लेकीसुना फिरकणार नाहीत.

पुढची भिशी आमच्याकडे आहे. या वेळी पेढ्यांऐवजी एक अर्ज ठेवणार आहे, नगराध्यक्षांच्या नावाने. वीज, पाणी, बस, वसतिगृह, पाळणाघर, आणि कायमच्या नोकऱ्यांचा आकडा, असे सहा प्रश्न. पहिली सही सासूबाईंची. त्यांनी कालच चष्मा पुसून सही केलीय, आणि विचारलंय, "उत्तर कधी येणार गं?"

तुमच्या गावात कुणी असे पेढे वाटले, तर जरूर खा. पण खाता खाता माझ्या सासूबाईंचा प्रश्न तेवढा विचारा.