पहिली तुकडी बाहेर पडेपर्यंत

अमेरिकेतील अनेक गावांत शरद ऋतूतील शुक्रवारची संध्याकाळ हायस्कूलच्या फुटबॉल सामन्याची असते. हा फुटबॉल भारतात खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. शिरस्त्राण घालून, लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा हा धसमुसळा खेळ आहे. सामन्याला गाव लोटते, त्यामुळे पराभवाची झळ सर्वप्रथम प्रशिक्षकाला लागते. दोन हंगाम वाईट गेले की पालकांत कुजबुज सुरू होते, शाळेच्या व्यवस्थापनाकडे तक्रारी जातात आणि नव्या प्रशिक्षकाचा शोध सुरू होतो. वरकरणी हा निर्णय कर्तव्यदक्षतेचा वाटतो. परंतु त्यामागील हिशेबच मुळात चुकीचा असतो.

व्यावसायिक संघ तयार खेळाडू विकत घेतो. शाळेला मात्र खेळाडू घडवावा लागतो. अमेरिकन हायस्कूलमध्ये नववी ते बारावी असे चार वर्ग असतात. चौदा वर्षांचा मुलगा नववीत येतो आणि अठराव्या वर्षाच्या सुमारास बाहेर पडतो. नव्या प्रशिक्षकाला बारावीची मुले एकच हंगाम लाभतात, अकरावीची दोन. संपूर्ण चार वर्षे त्याच्या हाताखाली राहते ती फक्त नववीची तुकडी. म्हणजेच पहिल्या दोन वर्षांचे निकाल बव्हंशी आधीच्या पेरणीचे असतात. अशा वेळी प्रशिक्षक बदलला, तर मुलांना नवे डावपेच आणि नव्या खुणा पुन्हा पहिल्यापासून शिकाव्या लागतात. त्यांची उमेदीची वर्षे मात्र परत येत नाहीत.

कॅलिफोर्नियातील काँकर्ड येथील डी ला साल हायस्कूलचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९६५ साली स्थापन झालेल्या या शाळेच्या संघाने १९७९ पर्यंत एकाही हंगामात पराभवांपेक्षा अधिक विजय मिळवले नव्हते. त्या वर्षी बॉब लॅडुसर या तरुण शिक्षकाकडे संघाची सूत्रे आली. हंगाम संपल्यावरही वर्षभर व्यायाम आणि परस्परांविषयीची जबाबदारी यांवर त्यांनी भर दिला. विभागीय अजिंक्यपद प्रथम मिळाले ते १९८२ मध्ये, म्हणजे १९७९ साली नववीत आलेली मुले बारावीत पोहोचली तेव्हा. पुढे १९९२ ते २००४ या काळात संघाने सलग १५१ सामने जिंकले. या विक्रमी मालिकेचा आरंभ लॅडुसर यांच्या नियुक्तीनंतर तेरा वर्षांनी झाला, हे सहसा विसरले जाते.

अर्थात, धीर धरणे म्हणजे डोळे मिटून बसणे नव्हे. गुणफलकाखेरीज पाहण्याजोग्या गोष्टी पुष्कळ असतात. संघात नाव नोंदवलेल्या मुलांपैकी शेवटपर्यंत किती टिकली? सुट्टीतल्या सरावाला किती जण येतात? अभ्यास सांभाळला जातो का? कनिष्ठ संघाचा खेळ सुधारतो आहे का? सामना हातचा गेल्यावरही मुले अखेरच्या क्षणापर्यंत झुंजतात का? या प्रश्नांची उत्तरे आश्वासक असतील, तर पराभवाचे फारसे भय नाही. उलट, प्रशिक्षक मुलांचा अपमान करीत असेल किंवा दुखापत झालेल्या मुलाला मैदानात उतरवीत असेल, तर संघ जिंकत असला तरी त्याला एक दिवसही मुदत देऊ नये.

खरा धोका आहे तो इथेच. नोकरी टिकवण्यासाठी येत्या शुक्रवारी जिंकणे भाग पडलेला प्रशिक्षक कोवळ्या शरीरांवर झेपणार नाही असा भार टाकतो, दुखरा गुडघा नजरेआड करतो आणि होतकरू पण कच्च्या मुलाला बाकावर बसवून ठेवतो. मोठ्यांच्या उतावीळपणाची किंमत अशा रीतीने मुले मोजतात.

प्रशिक्षकाचा हिशेब जरूर मागावा; परंतु त्याने नववीत हाती घेतलेली पहिली तुकडी शाळेबाहेर पडेल त्या दिवशी. त्या मुलांनी किती सामने जिंकले, हे तेव्हा मोजता येईलच. ती कशी घडली, हे मात्र त्याआधी कोणालाही सांगता येणार नाही.