टवाळ पोरांचा सिरीयस मामला

सोमवारी सकाळी मूड डाऊन असला की माझ्याकडे एक हुकमी औषध आहे. हेडफोन कानात आणि 'मॅडनेस' सुरू! नाव ओळखीचं वाटत नसेल, तरी त्यांचं 'अवर हाऊस' कधीतरी कानावर पडलंच असेल. सूट-हॅट चढवलेले सात लंडनकर, एकामागे एक चिकटून चालणारे, तोंडं वेडीवाकडी करणारे. फुल टाइमपास! निदान मला बरीच वर्षं तसंच वाटायचं.

ही कॅम्डन टाऊनकडची पोरं. १९७६ मध्ये 'नॉर्थ लंडन इन्व्हेडर्स' म्हणून जमली आणि १९७९ मध्ये जमैकाच्या प्रिन्स बस्टरच्या एका गाण्यावरून त्यांनी नवं नाव उचललं. पहिलं सिंगल 'द प्रिन्स' म्हणजे त्याच गुरूला सलाम. जमैकाचा स्का ठेका आणि वर लंडनच्या गल्लीतली टवाळकी, असं हे मिक्स्चर. 'बॅगी ट्राउझर्स'च्या व्हिडिओत तर ली थॉम्प्सन सॅक्सोफोन घेऊन क्रेनला लटकून चक्क हवेत उडतो. १९८२ चं 'हाऊस ऑफ फन' हे त्यांचं ब्रिटनमधलं एकमेव नंबर वन सिंगल. त्यातला हीरो सोळावा वाढदिवस झाल्या झाल्या केमिस्टकडे कंडोम घ्यायला जातो, पण बिचाऱ्याला सरळ मागता येत नाही!

मग एकदा 'एम्बॅरसमेंट' नीट ऐकलं. १९८० चं गाणं, चाल मस्त उड्या मारायला लावणारी. विषय? थॉम्प्सनची टीनएजर बहीण गरोदर राहिली, बाळाचा बाप कृष्णवर्णीय, आणि घरच्यांनी 'लोक काय म्हणतील' म्हणत तिच्याकडे पाठ फिरवली. (आपल्याकडे हा डायलॉग वेगळा समजावून सांगायला नकोच.) त्या काळात या बँडच्या शोजना वर्णद्वेषी स्किनहेड्सही घुसायचे. म्हणजे काळ्या लोकांच्या संगीतावर नाचायचं आणि काळ्यांनाच शिव्या घालायच्या! त्यांच्यातल्या किती जणांनी या गाण्याचे शब्द ऐकले असतील, देव जाणे. पण ब्रिटिश चार्टवर गाणं चौथ्या नंबरापर्यंत पोचलं.

जोकर म्हणून शिक्का बसला की हाच प्रॉब्लेम होतो. तुम्ही काहीही बोला, लोक हसायला तयार.

पुढे १९८४ मध्ये चाली बांधणारा कीबोर्डवाला माइक बार्सन बाहेर पडला आणि १९८६ मध्ये बँडच संपला. १९९२ मध्ये फिन्सबरी पार्कात पुन्हा एकत्र आले, ते काही पूर्वीचीच गाणी उगाळत बसायला नाही. २००९ चा 'द लिबर्टी ऑफ नॉर्टन फॉलगेट' हा अख्खा अल्बम लंडनवर आहे, आणि माझ्या मते त्यांचा बेस्ट. २०१२ मध्ये ते राणीच्या ज्युबिलीला बकिंगहॅम पॅलेसच्या छतावर 'अवर हाऊस' गायले, तेव्हा राजवाड्याच्या भिंतीवर लायटिंगने साधी चाळीसारखी घरं उभी केली होती. काय आगाऊपणा!

स्टुडिओ अल्बम पहिल्यांदा नंबर वन झाला तो थेट २०२३ मध्ये. पदार्पणानंतर ४४ वर्षांनी, बॉस.

या वीकेंडला 'एम्बॅरसमेंट' लावा. नाचा बिनधास्त, फक्त दुसऱ्यांदा लावाल तेव्हा शब्दही ऐका.