गजाची ओढ आणि छापील कमान

पाश्चात्त्य संगीताचा छापील कागद हातीं धरिला असतां आपल्यांपैकीं पुष्कळांस त्यांत पांच रेघा आणि त्यांवरून चाललेली मुंग्यांची रांग एवढेंच दिसतें. ज्यांच्या घरीं एखादें मूल व्हायोलिन किंवा चेलो शिकत आहे त्यांस मात्र ठाऊक असेल कीं, त्या मुंग्यांच्या डोक्यावर आणखीहि कांहीं खुणा असतात. तळ नसलेली लहानशी चौकट दिसली कीं गज मुठीकडून टोंकाकडे ओढावयाचा. रोमन 'व्ही' अक्षरासारखी खूण दिसली कीं टोंकाकडून मुठीकडे लोटावयाचा. दोन-चार स्वरांवर कमान असली तर ते सारे एकाच फेऱ्यांत घ्यावयाचे. पं. भातखंडे यांच्या स्वरलिपींत अशीच कमान मींड दाखविते. येथें तिचा अर्थ निराळा, हें वाचकांनीं आरंभींच ध्यानांत ठेवावें.

आतां या कमानीचें महत्त्व पाहा. एका खंडांत चार स्वर आहेत असें समजा. चारहि सुटे वाजविले तर ओढ, लोट, ओढ, लोट असें होऊन पुढील खंड पुनः ओढीनें सुरू होतो. पहिल्या दोहोंवर कमान असली तर तीनच फेरे होतात आणि पुढील खंड लोटीवर येतो. म्हणजे छापणारानें एक कमान गाळली कीं पुढें दुसरी खूण येईपर्यंत सर्व गज उलटा! ओढीचा स्वर स्वभावतः भारी व लोटीचा हलका. तेव्हां स्वर एकहि न चुकतां गाण्याचा तोल बिघडतो. (चरणांत अक्षरें बरोबर, पण यति भलत्याच ठिकाणीं, असा श्लोक ज्यांनीं ऐकला आहे त्यांस अधिक सांगणें नको.)

असे कागद हल्लीं संगणकावर तयार करितात. बहुतेक प्रणालींत पडद्यावरील रेघांवर स्वर एकेक करून बसवावे लागतात. नेदरलंड्समधील हान-वेन नीनहाउस व यान न्यूवेनहाउझेन या दोघांनीं १९९६ सालीं आरंभिलेल्या 'लिलीपाँड' या प्रणालीची रीत वेगळी. ती विनामूल्य मिळते, हा एक गुण झालाच. पण आमचें मन तिच्यावर बसलें तें तिच्या लेखनपद्धतीमुळें. येथें चित्र काढावयाचेंच नाहीं. साधा मजकूर लिहावयाचा. स्वराचें नांव एका रोमन अक्षरानें. त्याच्या पाठोपाठ काळाचा अंक, म्हणजे पूर्ण स्वराचा चतुर्थांश असेल तर ४, अष्टमांश असेल तर ८. मग बोटाचा अंक, मग गजाची खूण. स्वर चढवावयाचा तर 'इस्' आणि उतरवावयाचा तर 'एस्' हे डच प्रत्यय. कमानीचा कंससुद्धां पहिल्या स्वराच्या आधीं उघडत नाहीं. स्वर लिहून झाल्यावर उघडतो. नवख्यांस हें चमत्कारिक वाटतें. प्रकृति आधीं आणि प्रत्यय मागून, हा नियम ज्यांनीं जन्मभर मुलांकडून 'रामः रामौ रामाः' घोकवून घेतलें त्यांस परका कसा वाटावा?

खंडाच्या शेवटीं उभा दंड घालावा. मात्रांची बेरीज जुळत नसल्यास ओळ दाखवून इशारा मिळतो. गण पाडून पाहण्यास इतका न कंटाळणारा विद्यार्थी आम्हांस शाळेंत कधीं लाभला नाहीं. परंतु या विद्यार्थ्यास मात्रा मोजतां येतात, गज कळत नाहीं. कमान गळली तर तो मुकाट्यानें पान छापून देतो.

पान मात्र सुंदर छापतो, आणि त्याचें कारण ऐकण्यासारखें आहे. पूर्वीं युरोपांत संगीताचीं पानें कथिलमिश्रित धातूच्या पत्र्यावर उलटीं कोरीत. रेघा पांच दांत्यांच्या हत्यारानें ओढावयाच्या आणि स्वरांचीं डोकीं ठशावर हातोडी मारून उठवावयाचीं. पांच वर्षें शिकून आणि आणखी पांच वर्षें हात बसवून मग कारागीर खरा कसबी होई. त्याची नजर कशी असे पाहा. वर दांडी असलेल्या स्वरामागून खालीं दांडी असलेला स्वर आला, तर दोन्ही दांड्या जवळ येऊन स्वर दाटल्यासारखे भासतात; म्हणून तो त्यांस किंचित् दूर ठेवी. उलट क्रम असला तर जवळ घेई. दुप्पट काळाच्या स्वरास दुप्पट जागा न देतां थोडी अधिक देई. नजरेंतले हे नियम लिलीपाँडच्या कर्त्यांनीं जुनीं पानें समोर ठेवून गणितांत उतरविले. त्यांनीं तुलनेसाठीं घेतलेलें उदाहरण बाखच्या पहिल्या चेलो-रचनेचें आहे: एक १९५० सालची बेरेनराइटर यांची हातानें कोरलेली आवृत्ति, दुसरी २००० सालची संगणकावर मांडलेली. दुसरींत स्वर सारख्या अंतरावर आणि खंडांच्या रेघा एकीखालीं एक, त्यामुळें दृष्टि एका ओळीवरून दुसरीवर घसरते. चेलोवाल्याचे दोन्ही हात गुंतलेले; त्यास ओळीखालीं बोट ठेवून वाचण्याची सोय नाहीं.

या बाखच्या रचना सहा, १७२० च्या सुमाराच्या. त्याच्या स्वतःच्या हातची प्रत आज मिळत नाहीं. पत्नी आना माग्दालेना हिनें केलेली नक्कल आहे. पण तींतील कमानी इतक्या सैल हातानें काढलेल्या आहेत कीं कोणती कोठें आरंभते व कोठें संपते याविषयीं चेलोवादकांचें अद्याप एकमत नाहीं. स्वर राहिले, गज संशयांत पडला.

गोमंतकांत चर्चच्या शाळांतून मुलांस पांच रेघांची लिपि व व्हायोलिन पिढ्यान्‌पिढ्या शिकवीत. तेथील वादक पुढें मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस, म्हणजे प्यारेलाल यांचे गुरु, हे त्यांतील एक मोठें नांव. त्याच परंपरेंतील एका दिवंगत वादकाची अभ्यासाची वही गेल्या वर्षीं आमच्या हातीं आली. शाई फिकटलेली, कडा कसरीनें खाल्लेल्या. त्यांची नात ही आमची जुनी विद्यार्थिनी. छायाचित्रें काढून ठेव, असें आम्हीं तिला सुचविलें. ती म्हणाली, "सर, तीं काढलीं आहेत. पण मुलांना त्यांवरून वाजवतां येत नाहीं. आजोबांचा गज या वहींत आहे, तेवढा राहूं द्या."

तिचें म्हणणें खरें होतें. छायाचित्र वही राखतें, धडा पुढें चालवीत नाहीं. मजकुरांत उतरलेला धडा लहान मुलांसाठीं मोठ्या रेघांवर छापतां येतो. दोन शब्द पालटले कीं तोच व्हियोलासाठीं पंचमानें खालीं येतो. म्हणून रोज सायंकाळीं एक पान याप्रमाणें आम्हीं लिहीत गेलों, आणि तिनें प्रत्येक पान वाजवून गज तपासला. एकंदर चार ठिकाणीं कमानच कसरीनें खाल्लेली निघाली. तिनें दोन्ही प्रकारें वाजवून पाहिलें. तीन ठिकाणीं पुढील खंड ओढीनेंच उघडला पाहिजे, असें तिच्या हातानें सांगितलें. तेथें आम्हीं तुटक रेघेची कमान घातली आहे. संपादकाची कमान तुटक काढावी असा संकेत आहे, आणि त्याला एका शब्दाची आज्ञा पुरते. चौथ्या ठिकाणीं दोन्ही प्रकार सारखेच साजतात; तेथें जागा मोकळी ठेविली आहे.